पोपट बोलला नाही तर

रात्रीचे पावणेतीन वाजलेले. मी वास्कोतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, अंगात बनियन, हातात मोबाईल, मोबाईलवर अरबी समुद्र आणि त्या समुद्रावर एक पिवळं विमान, नखाएवढं. त्या नखाएवढ्या विमानात आमची तनू, पंधरा दिवसांची सुट्टी संपवून मस्कतला परत चाललेली. पूर्वी बरं होतं, दाबोळीहून सुटायची, घरापासून दहा मिनिटं, तिला सोडून यायचं, चहा टाकायचा, आणि चहा उकळेपर्यंत विमान डोक्यावरून जायचं, आम्ही खालून हात हलवायचो, तिला दिसत नसला तरी. आता मोपाचा नवा विमानतळ. म्हणजे झुवारी पूल, पणजी, म्हापसा, मग पार पेडणे, जाऊन येऊन अर्धी रात्र जाते आणि घरी आल्यावर हात हलवायला डोक्यावर काहीच नसतं. म्हणून हे ॲप. तनूनेच टाकून दिलेलं, वर ताकीद, "बाबा, यात बघत बसा, पण आईला उठवू नका."

तर बघत बसलो होतो. उंची ३६,००० फूट, किनाऱ्यापासून चांगलंच आत गेलेलं, सगळं व्यवस्थित. आणि ते थांबलं. म्हणजे चित्र थांबलं. मी स्क्रीन खाली ओढून रिफ्रेश केलं, वायफाय काढून डेटा लावला, परत वायफाय लावलं. एक-दोन मिनिटं ते विमान तिथल्या तिथे, मग पुसट, मग नाहीच. नुसता निळा समुद्र.

ॲप अडकतात हे मला कळतं, मी बँकेत काम करतो, सर्व्हर डाऊन हा शब्द दिवसातून चारदा तोंडात असतो. पण पहाटे पावणेतीनला बापाचं डोकं सर्व्हरच्या बाजूने विचार करत नाही. मला एकच आठवलं, एमएच ३७०. ८ मार्च २०१४, २३९ माणसं, तेही असंच रात्री, असंच स्क्रीनवरून गेलं होतं. हिला उठवलं नाही, ताकीद होती. मावसाला फोन लावला.

मावसा म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीचा नवरा, वय एकोणऐंशी, चिखलीला राहतो. (आमच्यात मावसाला अरे-तुरेच चालतं, पुण्याच्या वाचकांनी आठ्या घालू नयेत.) नोकरीची सगळी वर्षं विमानतळांवर रडारच्या देखभालीत काढली, निम्मी मुंबईत. कंट्रोलर नव्हे, हे तो स्वतःच आधी सांगतो, "ते खुर्चीत बसून बघणारे, आम्ही त्यांना दिसत राहील असं बघणारे." दुसऱ्या रिंगला उचलला. नाइट शिफ्टची सवय, म्हणे माणूस रिटायर होतो, झोप होत नाही. मी म्हटलं विमान दिसेनासं झालं. त्याने एकच विचारलं, किनाऱ्यापासून किती लांब होतं? मी म्हटलं असेल चारशे किलोमीटर.

"मग बरोबर आहे. विमान गेलं नाही रे, तुझा नकाशा संपला. झोप."

झोपलो नाही अर्थात. पाचच्या सुमारास मेसेज आला, "पोचले", खाली एक जांभई देणारं तोंड. तेव्हा कुठे बाल्कनीचं दार लावलं.

रविवारी मासळी घेऊन मावसाकडे गेलो. जायचंच होतं, पण खरं सांगायचं तर त्या "नकाशा संपला"चा अर्थ लावून घ्यायचा होता. मावसाच्या परसात विहीर आहे, कठड्यावर बसून तो इसवणाच्या तुकड्यांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता. म्हणाला, लहानपणी तुम्ही पोरं या विहिरीत तोंड घालून ओरडायचात, आठवतं? रडार म्हणजे तेच. पहिलं रडार, ज्याला प्रायमरी म्हणतात ते. आपण ओरडायचं आणि काय परत येतं ते ऐकायचं. साठ किलोमीटरवर विमान असेल तर ओरडल्यापासून ऐकू येईपर्यंत सेकंदाचे दहा हजार भाग केले तर त्यातले चार भाग लागतात, त्यावरून अंतर. अँटेना कुठे तोंड करून होती त्यावरून दिशा. संपलं. विमानाला यात काही करावं लागत नाही, विमानाला पत्ताही नसतो, त्याच्या पत्र्यावर आपटून लाट परत येते बस.

ऐकायला किती छान. पण लाट जाताना पसरते आणि येताना परत पसरते, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की परत येणारा आवाज निम्मा होत नाही, चौथाही नाही, सोळावा हिस्सा होतो. म्हणून ओरडणाऱ्याला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं, म्हणून ती अवाढव्य अँटेना आणि तेवढंच अवाढव्य विजेचं बिल. आणि एवढं करून परत काय येतं? सगळंच येतं. पाऊस येतो, डोंगर येतो, पक्ष्यांचा थवा येतो. आपल्याकडे जून लागला की ढगच ढग, त्या ढगांच्या गर्दीतून विमान वेचायचं. मग हुशार लोकांनी फिल्टर लावला, जे हलत नाही ते पुसून टाक. सह्याद्री हलत नाही, पुसला. पण विमान जर रडारला धरून वळसा घालत असेल, म्हणजे ना जवळ येतंय ना लांब जातंय, तर त्या फिल्टरला तेही उभं असल्यासारखंच वाटतं आणि तेही पुसलं जातं. मावसा म्हणतो आमच्या निम्म्या नोकरीचा सार एवढाच, किती पुसायचं आणि किती ठेवायचं.

आणि हे सगळं जमलं तरी ठिपका दिसतो तो नुसता ठिपका. कोण आहे माहीत नाही. किती उंचीवर आहे तेही माहीत नाही.

इथे मावसा जरा गप्प झाला. ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांची वर्षं १२ नोव्हेंबर १९९६च्या आधीची आणि नंतरची अशी मोजली जातात, हे मला त्या दिवशी कळलं. चरखी दादरी. दिल्लीहून नुकतंच उडालेलं सौदीचं ७४७ जम्बो आणि दिल्लीला उतरायला येणारं कझाकस्तानचं इल्यूशिन, दोघं एकाच वाटेवर, समोरासमोर. येण्याजाण्याची वाट एकच होती कारण आजूबाजूचं बरंचसं आकाश हवाईदलाचं. जम्बोला चौदा हजार फूट दिलेले, इल्यूशिनला पंधरा हजार. मध्ये हजार फुटांचा फरक, नियमाने पुरेसा. कंट्रोलरने इल्यूशिनला सांगितलंही की समोरून विमान येतंय, चौदा मैलांवर आहे. आणि इल्यूशिन पंधरा हजारावर थांबलं नाही, खाली आलं. ३४९ माणसं. मी तेव्हा कॉलेजात होतो, दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला सरसोंच्या शेतात पडलेल्या तुकड्यांचा फोटो अजून आठवतो.

"त्या कंट्रोलरला दिसत काय होतं माहिती आहे? दोन ठिपके. एकमेकांकडे येणारे. ते येणारच होते, एक वरून जाणार एक खालून, रोज जायचे. एक खाली उतरलंय हे ठिपक्याला सांगता येत नाही. दिल्लीत तेव्हा उंची दाखवणारं रडार चालू झालं नव्हतं."

नंतर चौकशी झाली, येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, विमानात टक्कर टाळणारं यंत्र आपल्याकडे सक्तीचं झालं, उंची दाखवणारी रडारं बसली. नंतर. आपल्याकडचे बरेच चांगले नियम असे कुणाच्या तरी तेराव्यानंतर आलेले असतात.

उंची दाखवणारं रडार म्हणजे सेकंडरी. यात ओरडून प्रतिध्वनी ऐकायचा नाही, हाक मारायची आणि समोरच्याने ओ द्यायची. खालून १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न जातो, कोण तू, किती उंचीवर? विमानातला ट्रान्सपॉन्डर १०९० वर उत्तर देतो. प्रतिध्वनीपेक्षा ओ कितीतरी खणखणीत येते, कारण ती लाट विमानातून नव्याने निघते, आपटून दमून आलेली नसते. म्हणून तेवढ्याच, किंबहुना कमी ताकदीत अडीचशे मैलांपर्यंत दिसतं, आणि ठिपक्याशेजारी लेबल येतं, नाव, उंची, वेग. कंट्रोलर लोकांचं आयुष्यच त्या लेबलने बदललं.

ही युक्ती मुळात लढाईतली. दुसऱ्या महायुद्धात आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं हे कळावं म्हणून इंग्रजांनी विमानांत उत्तर देणारी पेटी बसवली, तिला सांकेतिक नाव दिलं पॅरट, पोपट. पोपट काय करतो, स्क्वॉक करतो, म्हणून आजही कंट्रोलर पायलटला सांगतो, स्क्वॉक अमुक अमुक. चार आकडी कोड, प्रत्येक आकडा शून्य ते सात, असे एकूण ४०९६. त्यातले तीन सगळ्या जगात राखीव, ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ गेला, ७७०० म्हणजे काहीतरी गंभीर आहे, वाट मोकळी करा. मावसाच्या स्कूटरचा नंबर ७६०० ने संपतो, मुद्दाम मागून घेतला की योगायोग ते सांगत नाही. हॉर्न मात्र खरंच वाजत नाही तिचा.

आता या पोपटाची गोची अशी की तो बोलला तरच सगळं आहे. "पोपट बोलला नाही," मावसा म्हणाला, "तर पोपट आपला होतो."

ब्राझीलमध्ये झालेलं हे. २९ सप्टेंबर २००६, अॅमेझॉनच्या जंगलावर ३७,००० फुटांवर एक बोइंग ७३७ आणि एक नवंकोरं छोटं बिझनेस जेट समोरासमोर आले. छोट्या जेटचा ट्रान्सपॉन्डर बंद होता, जवळपास तासभर बंद होता, आणि कॉकपिटमधल्या दोघांच्या ते लक्षात आलेलं नव्हतं. टक्कर टाळणारं यंत्र दोन्ही विमानांत होतं. पण ते यंत्र दुसऱ्याच्या ट्रान्सपॉन्डरशी बोलून काम करतं, दुसरा मुका असला की त्याच्या लेखी आकाश रिकामं. दोन्हीकडे एकही घंटा वाजली नाही. बोइंगमधली १५४ माणसं गेली, छोटं जेट पंख तुटका घेऊन उतरलं. यातली सगळ्यात विचित्र गोष्ट मला ही वाटते की पूर्वीची विमानं वाटेच्या थोडी इकडे थोडी तिकडे उडायची, चुकूनमाकून बाजूने निघून गेली असती, ही दोघं उपग्रहाच्या जोरावर इतकी नेमकी उडत होती की बरोब्बर एकाच रेषेवर भेटली.

दुसरी गोची गर्दीची. जुन्या पद्धतीत खालून प्रश्न गेला की त्या दिशेची सगळी विमानं एकदम ओ देतात, एकावर एक थरात उडणारी असली की उत्तरं एकमेकांत मिसळतात, त्याला गार्बल म्हणतात. मग कुठलंतरी तिसरंच विमान स्क्रीनवर उमटतं जे आकाशात नाहीच. आमच्या शाळेत एक बाई "कोण कोण आलंय?" विचारायच्या आणि चाळीस पोरं एकदम "मी!" म्हणायची, तसं. त्याच्यावर उपाय म्हणजे हजेरीपट. मोड एस. प्रत्येक विमानाला जन्माचा चोवीस बिटांचा पत्ता, असे एक कोटी सदुसष्ट लाखांवर पत्ते होतात, भारताला मिळालेले ८० पासून सुरू होतात, आणि रडार एकेकाचं नाव घेऊन विचारतं. बाकीचे गप्प.

आणि मग आला पोदेर.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी, पोदेर म्हणजे पाववाला. सकाळी सहा-साडेसहाला सायकलवर मागे टोपली, वर प्लास्टिक, आणि तो रबरी भोंगा, पों पों. त्याला कोणी हाक मारत नाही. तो आला हे तोच सांगत येतो, आणि कुठपर्यंत आलाय हे आईला बिछान्यातून कळतं, आता देवळाच्या वळणावर, आता गटाराच्या फरशीवर, आता ऊठ आणि पिशवी घे. एडीएस-बी हे तंत्र अगदी हे आहे, मावसाने समजावलं नाही, हे माझं मला सुचलं आणि त्याला सांगितल्यावर तो इतका हसला की विहिरीवरून उठायला लागलं. विमान जीपीएसवरून स्वतःची जागा काढतं आणि सेकंदाला साधारण दोनदा, कोणी विचारो न विचारो, मोठ्याने सांगत सुटतं, मी अमुक, इथे आहे, इतक्या उंचीवर, इकडे चाललोय. ऐकायला फिरती अँटेना नको, ती गिअरबॉक्सवाली टनावारी यंत्रणा नको, काठीएवढी अँटेना आणि एक पेटी बस. रडारचा झाडू एक फेरी मारायला विमानतळाजवळ चार-पाच सेकंद घेतो, लांब पल्ल्याचा दहा-बारा, तेवढ्या वेळात पोदेर वीस वेळा वाजवून गेलेला असतो.

ऐकणं इतकं स्वस्त झालं म्हणूनच माझ्या मोबाईलवर ते पिवळं विमान आलं. फ्लाइटरडार२४ हे स्वीडनमधल्या दोन हौशी लोकांनी २००६ मध्ये सुरू केलेलं प्रकरण, जगभर लोकांनी आपापल्या गच्चीवर रिसीव्हर लावले आणि जाळं झालं. आणि इथेच मावसाच्या "नकाशा संपला"चा अर्थ. या लाटा सरळ जातात, पृथ्वी गोल आहे, ३५,००० फुटांवरच्या विमानाचं बोलणं साधारण सव्वाचारशे किलोमीटरपर्यंत जमिनीवर ऐकू येतं, त्यापलीकडे ते क्षितिजाखाली जातं. समुद्रात कोणाची गच्ची नाही. तनूचं विमान बोलतच होतं, ऐकायला कोणी नव्हतं.

मग कंट्रोलरला तरी दिसत होतं का? मी विचारलं. तर नाही! म्हणजे रडारवर नाही. मला धक्काच बसला. एवढी वर्षं मला वाटायचं कुठेतरी एक माणूस बसलाय आणि त्याला सगळं दिसतंय. समुद्रावर पूर्वापार कारभार विश्वासाचा. पायलट ठरलेल्या बिंदूवर पोचला की एचएफ रेडिओवर सांगणार, मी इथे, इतक्या वाजता, पुढच्या बिंदूवर इतक्या वाजता पोचेन, आणि तो एचएफ म्हणजे पावसात लावलेला जुना ट्रान्झिस्टर, खरखर, शिट्टी, मध्येच कुठलंतरी अरबी गाणं. आता बऱ्याच विमानांत उपग्रहावरून आपोआप निरोप जातो, ठराविक मिनिटांनी एकदा. पण दर सेकंदाला दिसणं वेगळं आणि दर काही मिनिटांनी निरोप येणं वेगळं, म्हणून रडारखाली दोन विमानांत पाच मैल चालतात, समुद्रावर पन्नास ठेवावे लागतात. एमएच ३७० नंतर कुठे नियम आला की विमानाचा ठावठिकाणा निदान दर पंधरा मिनिटांनी कळलाच पाहिजे, तो लागू झाला नोव्हेंबर २०१८ ला. २०१९ पासून इरिडियमच्या ६६ उपग्रहांवर पोदेराचा भोंगा ऐकणारे कान बसलेत, त्यामुळे समुद्रही आता ऐकू येतो, पण तो माल विकत घ्यावा लागतो, माझ्या फुकटच्या ॲपला तो कुठला.

आमचे आजोबा तारवटी होते. बोटीवर गेले की आठ-दहा महिने, पत्र आलं तर आलं, तेही महिन्यामागचं, म्हणजे पत्र वाचताना माणूस तिथे नसायचाच. आजी नकाशाशिवाय जगली. मी सव्वाचारशे किलोमीटरवर घामाघूम.

पण पोदेरावर माझा जीव असला तरी मावसाचा नाही. हे ऐकून मला जरा रागच आला होता. तो म्हणाला, भोंगा कोण वाजवतंय हे तुझी आई बघते का? उद्या कोपऱ्यावरच्या पोराने तसाच भोंगा आणून वाजवला तर ती पिशवी घेऊन खाली जाईल की नाही? एडीएस-बीला कुलूपच नाही. निरोपावर सही नाही, शिक्का नाही, कुणीही कुठल्याही विमानाच्या नावाने काहीही सांगू शकतो, आणि ऐकणारी पेटी बिचारी मानते. ही एक बाजू. दुसरी जास्त वाईट. विमान प्रामाणिक आहे, मनापासून सांगतंय, पण त्यालाच फसवलंय. जीपीएसचा सिग्नल वीस हजार किलोमीटरवरून येतो, खाली पोचेपर्यंत इतका क्षीण की जमिनीवरून कोणी जरा मोठ्याने खोटा सिग्नल सोडला की विमान तोच खरा धरतं. त्याला स्पूफिंग म्हणतात. नुसता गोंगाट करून बंद पाडलं तर जॅमिंग, ते परवडलं, निदान विमानाला कळतं की आपल्याला ऐकू येत नाही. स्पूफिंगमध्ये ते आत्मविश्वासाने चुकतं.

हे काही लांबचं नाही. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात आपल्या सीमेजवळ, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या भागात, जीपीएसमध्ये ढवळाढवळ झाल्याच्या ४६५ घटना सरकारने संसदेत सांगितल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर दिल्ली विमानतळाच्या आसपासच झालं. अशा वेळी विमानाला धावपट्टीपर्यंत आणणारं जमिनीवरचं जुनं आयएलएस आणि जुनं रडार, ज्यांना जीपीएस कशाशी खातात हे माहीत नाही, तेच कामाला येतात.

म्हणून मावसाचं म्हणणं, पोदेराला लावा, पण विहिरीवर ओरडणारा मोडीत काढू नका. फार झालं तर चार ठिकाणी कान ठेवा. एकच आवाज चार जागी वेगवेगळ्या वेळी पोचतो, त्या फरकावरून तो खरा कुठून आला ते काढता येतं, मग तो स्वतः काहीही सांगू दे. फक्त घड्याळं तशी हवीत, मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे तीनशे मीटरची चूक. पैसा कुठून येणार, मी बँकवाला म्हणून विचारलं. त्याने हात झटकला. फिरत्या अँटेनाचं बेअरिंग, गिअरबॉक्स, तेल, रोटरी जॉइंट, समुद्राच्या खाऱ्या हवेत हे सगळं सांभाळायला काय लागतं ते वास्कोत ज्याच्या खिडकीला लोखंडी ग्रिल आहे त्याला वेगळं सांगायला नको, आमचं ग्रिल मी तीनदा बदललंय.

आपल्याकडे तर आकाशातही वाटणी. दाबोळी नौदलाचं, आयएनएस हंसा, तिथलं कंट्रोलही नौदलाचं, सकाळी त्यांचा सराव असायचा तेव्हा नागरी विमानांना वेळ बंद, कित्येक वर्षं गोव्याची विमानं दुपारनंतर गर्दी करायची त्याचं कारण हे. आणि ५ जानेवारी २०२३ पासून मोपा चालू, दोघांत हवाई अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. रस्त्याने आम्हाला दीड-दोन तास लागतात ते विमानाला दोन-तीन मिनिटं. मावसा मूळ पेडण्याचा, मोपाच्या सड्यावर लहानपणी काजू गोळा करायला जायचा, आता तिथे रनवे. पहिल्यांदा तिथून सुटणारं विमान बघायला गेला तेव्हा काय वाटलं विचारलं तर म्हणाला, बोंडूंचा वास येत नव्हता.

दाबोळीची एक जुनी गोष्ट तो नेहमी सांगतो, त्याच्या धंद्याचा म्हणून अभिमान आणि गोवेकर म्हणून खंत असं दोन्ही मिसळून. १८ डिसेंबर १९६१, आपल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी बॉम्ब टाकून उखडली, इमारती मुद्दाम वाचवल्या, पुढे आपल्यालाच लागणार म्हणून. तिथे पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमानं उभी होती. रात्रीत त्यांनी खड्डे जमेल तेवढे बुजवले, अधिकाऱ्यांची बायकापोरं भरली, आणि अंधारात उरल्यासुरल्या धावपट्टीवरून ती दोन्ही विमानं निसटून कराचीला गेली. "सगळ्या गोव्याला वेढा, आणि दोन एवढी मोठी विमानं गेली. का? तर ज्याला दिसायचं नाही त्याला शोधणं हे वेगळं काम आहे बाबा." त्यातलं एक सुपर कॉन्स्टेलेशन होतं, तीन शेपट्यांचं. बोगमाळ्याच्या नौदल विमान म्युझियममध्ये तसंच एक उभं आहे, पोरं हमखास विचारतात हेच का ते, नव्हे, ते आपलं, आधी एअर इंडियाचं, मग समुद्रावर टेहळणी करायला वापरलेलं. पोर्तुगीजांचं पळून गेलं आणि आपलं टेहळणी करत म्हातारं झालं, मला आपली यात गंमत वाटते.

निघताना मावसाने एक ठेवणीतली सांगितली. उन्हाळ्यात, पावसाआधी, समुद्रावर गार दमट हवा आणि तिच्यावर जमिनीवरून आलेली गरम कोरडी हवा असा थर बसतो, मग रडारची लाट सरळ निसटून न जाता त्या थराखाली वाकत वाकत पाण्याला धरून कुठच्या कुठे जाते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या रडारवर अशीच अरबस्तानच्या किनाऱ्याची खूण उमटली होती, याची पुस्तकांत नोंद आहे. तंत्राच्या भाषेत ही चूक, खोटा ठिपका, पुसायचा. "पण मी म्हणतो, होता ना किनारा तिथे? खोटा कसा?" मी घरी येईपर्यंत गाडीत तेच घोळवत होतो, की मे महिन्यात कधीतरी इथून ओरडलं तर मस्कतवरून परत येत असेल.

आता राहिली मावसाची स्वतःची गोष्ट. त्याला आता वाटा चुकायला लागल्यात, थोड्याशाच, पण सुनेला काळजी. तिने त्याच्या मोबाईलवर लोकेशन शेअरिंग चालू करून दिलंय, सगळ्या घराला दिसतं, मलाही दिसतं. परवा बुधवारी दुपारी तिचा मला मेसेज, "बाबा घरीच दिसतायत, झोपले असतील, उचलत नाहीयेत, तुम्ही जाता का बघायला?" मी ॲप उघडलं, चिखलीच्या घरावर निळा ठिपका, हलत नाही. बँकेतून निघतच होतो तर गेटवर आमची नेहमीची मासळीवाली, म्हणाली, तुमचा तो रडारवाला मावसा बोगमाळ्याला दिसला, दगडावर बसलाय.

गेलो. बसला होताच. म्युझियमच्या पुढे, किनाऱ्याच्या टोकाला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, वरून नौदलाचं पी-८आय उतरत होतं आणि हा मान वर करून त्याचं पोट बघत होता. मला बघून जराही दचकला नाही.

"मोबाईल?"

"टेबलावर आहे. चालू आहे." मग डोळा मिचकावून, "ओ देतोय ना?"

मी त्याच्या शेजारी बसलो. ते विमान टेकडीआड गेलं, आवाज थोडा वेळ राहिला. सुनेला मेसेज केला, बाबा ठीक आहेत, मी सोबत आहे. कुठे आहेत ते लिहिलं नाही.